घरगुती व्यवसायासाठी पहिलं लेझर एनग्रेव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेझर घ्यायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो तो वॅटचा. पण वॅटच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कशावर कोरणार आणि धूर कुठून बाहेर सोडणार. या दोन्ही न ठरवता घेतलेली, आता कोपऱ्यात झाकून ठेवलेली मशीन मी पाहिली आहेत. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत याच दोन मुद्द्यांवर पुन्हा येणं होईल.

सरळ सांगा, पहिलं मशीन कोणतं घेऊ?

काय विकणार ते सांगा, मग सांगता येईल. एका कागदावर पहिल्या सहा महिन्यांत विकायच्या पाच वस्तू लिहा आणि प्रत्येकीसमोर ती कशाची बनते ते लिहा. लाकडी कीचेन, प्लायची नावाची पाटी, चामड्याचं पाकीट, कॉर्कचे कोस्टर असा कागद झाला तर १० ते २० वॅटचं डायोड लेझर पुरेल. त्यात पारदर्शक अ‍ॅक्रिलिक किंवा काच आली तर सीओटू लेझर लागेल. सगळ्या ओळींत पितळ, स्टील, अ‍ॅल्युमिनिअमच असेल तर फायबर. कागदावर थोडं हे, थोडं ते असं झालं तर ज्या वस्तूचं गिऱ्हाईक आत्ता दारात उभं आहे त्या वस्तूसाठी मशीन घ्या. बाकीचं काम सुरुवातीला दुसऱ्याकडून करून घेता येतं.

डायोड, सीओटू आणि फायबर यांत नेमका फरक काय?

फरक प्रकाशाच्या तरंगलांबीचा आहे. डायोडचा किरण निळा, साधारण ४५० नॅनोमीटरचा. फायबरचा १,०६४ नॅनोमीटरचा आणि सीओटूचा १०,६०० नॅनोमीटरचा, म्हणजे निळ्याच्या वीसपटीहून जास्त लांब. हे शेवटचे दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. कोणती वस्तू कोणता प्रकाश शोषते यावर सगळा खेळ अवलंबून असतो. जो प्रकाश वस्तूत शोषला जात नाही तो आरपार जातो किंवा परततो, आणि मग वॅट कितीही असले तरी वस्तूवर खूण उमटत नाही.

लाकूड, पुठ्ठा आणि चामडं निळा प्रकाशही शोषतात आणि सीओटूचाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून निळा प्रकाश खिडकीतून जावा तसा निघून जातो, सीओटूचा मात्र तिथेच अडतो आणि कापतो. उघडा धातू सीओटूला आरशासारखा परतवतो, फायबरला बऱ्यापैकी शोषतो. सीओटू लेझर १९६४ मध्ये कुमार पटेल यांनी बेल लॅब्जमध्ये तयार केलं. साठ वर्षं होऊन गेली तरी लाकूड-अ‍ॅक्रिलिकच्या कामात त्याची जागा टिकून आहे, ती या शोषणाच्या गुणामुळेच.

जाहिरातीत ४० वॅट लिहिलंय आणि किंमतही कमी आहे. घेऊ का?

आधी हे ४० वॅट कशाचे ते विचारा. मशीन भिंतीतून किती वीज ओढतं तो आकडा वेगळा आणि लेन्समधून किती प्रकाश बाहेर पडतो तो वेगळा. तुमच्या उपयोगाचा दुसरा. कागदपत्रात तो ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आउटपुट पॉवर’ या नावाने असतो. एका निळ्या डायोडमधून साधारण ५ ते ६ वॅट प्रकाश मिळतो. १० वॅटच्या हेडमध्ये असे दोन डायोड जोडलेले असतात, २० वॅटमध्ये चार, खऱ्या ४० वॅटमध्ये आठ. एवढे डायोड स्वस्तात बसत नाहीत. ऑप्टिकल आकडा कुठेच छापलेला नसेल तर ते मशीन सोडून द्या.

५ वॅट पुरतील की २० घ्यावेत?

फक्त कोरायचं असेल तर ५ वॅटही छान काम करतं, आणि त्याच्या किरणाचा ठिपका बारीक असल्यामुळे फोटो सुबक उतरतात. कापायचं असेल तर ५ वॅटने ३ मिमी प्लायवर पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं आणि कडा कोळशासारख्या होतात. १० वॅट सावकाश एका फेरीत कापतं, २० वॅट आरामात. डायोड जोडत गेलो की ठिपका थोडा मोठा होतो, म्हणून ४० वॅटवर बारीक अक्षरं ५ वॅटइतकी धारदार येतीलच असं नाही. घरच्या व्यवसायाला पहिल्या वेळी १० किंवा २० हा मला योग्य मध्य वाटतो.

डायोडवर काच किंवा पारदर्शक अ‍ॅक्रिलिक अजिबातच होत नाही?

काचेवर पाण्याने धुऊन जाणारा काळा रंग फासून, वाळवून, त्यावर लेझर फिरवला तर रंग तापतो आणि खाली काचेवर खूण उठते. रंग धुऊन टाकायचा. एखाद-दुसऱ्या नगाला ठीक, पन्नास नगांच्या ऑर्डरला नाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापणं मात्र डायोडवर होत नाही. निळसर पारदर्शकही तसंच. काळं अ‍ॅक्रिलिक चांगलं कापलं जातं.

सीओटू घेतलंत तर अ‍ॅक्रिलिकमध्येही दोन जाती आहेत हे लक्षात ठेवा. ‘कास्ट’ पत्र्यावर कोरलेलं पांढरं धुकट दिसतं आणि नावाच्या पाटीवर उठून दिसतं. ‘एक्स्ट्रूडेड’ पत्रा स्वस्त असतो, पण त्यावर कोरलेलं जवळजवळ पारदर्शकच राहतं. दुकानात पत्रा मागताना जात सांगून मागा.

स्टीलच्या बाटलीवर नाव कोरायचंय. फायबरच लागेल का?

बाटलीवर रंगाचा जाड थर म्हणजे पावडर कोटिंग असेल तर नाही. तो थर उडवून खालचं चकचकीत स्टील उघडं करायचं असतं, ते सीओटू आणि १० वॅटच्या पुढचं डायोड दोन्ही करतात. रंगीत अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनिअमवरही दोन्ही चालतात. उघड्या स्टीलवर डायोड गडद खूण करू शकतं, पण सावकाश. आणि जास्त तापवलं तर स्टीलचा गंजरोधक थर जळतो आणि काही आठवड्यांनी त्या नावावरच तांबूस डाग येतात. रोज उघड्या धातूचं काम असेल तर २० किंवा ३० वॅटचं फायबर. त्यात ‘मोपा’ प्रकार घेतला तर स्पंदाचा कालावधी बदलता येतो, म्हणून अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनिअमवर काळी आणि स्टीलवर रंगीत खूण करता येते. पण फायबर लाकडाच्या कामाचं नाही, आणि त्याचं कामाचं क्षेत्र लेन्सवर ठरतं. नेहमीच्या लेन्सला ते साधारण ११० बाय ११० मिमी असतं.

गोल वस्तूला रोटरी, म्हणजे वस्तू फिरवत ठेवणारं जोडयंत्र लागतं. सरळ बाटलीला रोलरची चालते. निमुळता पेला रोलरवर सरकतो, त्याला चक असलेली, म्हणजे वस्तू जबड्यात पकडणारी घ्या.

केवढा बेड हवा?

बेड म्हणजे वस्तू ठेवायची जागा. तुमच्या सगळ्यात मोठ्या वस्तूपेक्षा तो थोडा मोठा हवा. डायोडच्या उघड्या चौकटी बहुतेक ४०० बाय ४०० मिमीच्या असतात आणि घरगुती कामाला तेवढं भरपूर होतं.

उघडं मशीन घेऊ की बंदिस्त? चष्मा तर सोबत मिळतोच.

बंदिस्त घ्या. जागा कमी असो, बजेट कमी असो, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर यात तडजोड करू नका.

लेझरचे धोक्यानुसार वर्ग असतात. अर्ध्या वॅटच्या पुढचा प्रत्येक सलग लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गात येतो. या वर्गात थेट किरणच नव्हे, खडबडीत वस्तूवरून विखुरलेला प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो. तुमचं सगळ्यात छोटं ५ वॅटचं मशीन या मर्यादेच्या दहापट आहे. निळा आणि फायबरचा प्रकाश डोळ्याच्या बाहुलीतून आत जाऊन मागच्या पडद्यावर एकवटतो. तिथे झालेली जखम भरून येत नाही. सीओटूचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागावर, पारपटलावर जळतो. तेच लेझर झाकण उघडताच बंद पडणाऱ्या पेटीत असेल तर पूर्ण मशीन पहिल्या वर्गात मोडू शकतं, म्हणजे शेजारी बसून जेवलात तरी चालेल.

सोबत मिळणाऱ्या चष्म्यावर तरंगलांबी आणि ‘ओडी’ असा आकडा छापलेला आहे का ते पाहा. ओडी ४ म्हणजे दहा हजारांश प्रकाश आत येतो, ओडी ६ म्हणजे दशलक्षांश. काहीच छापलेलं नसेल तर ते रंगीत प्लॅस्टिक समजा. निळ्या डायोडचा चष्मा निळ्यासाठीच असतो, तो फायबरला किंवा सीओटूला वापरू नका. आणि चष्मा तुम्ही घातलात; दार उघडून आत आलेल्याने घातला नाही. यासाठीच पेटी.

खिडकी उघडी ठेवली की धूर जातो ना?

नाही. वास घरभर पसरतो आणि धुराचे बारीक कण पडद्यांत, कपड्यांत आणि फुप्फुसांत बसतात. मशीनच्या पेटीतून पाइप काढून तो घराबाहेर न्यावा लागतो. यातली एक गोष्ट बहुतेकांची चुकते: पंखा मशीनजवळ बसवतात. तसं केलं की पंख्यापासून खिडकीपर्यंतच्या पाइपमध्ये धूर दाबाने ढकलला जातो आणि प्रत्येक सांध्यातून खोलीत गळतो. पंखा खिडकीच्या टोकाला लावा. मग घरातला सगळा पाइप आत ओढत राहतो, सांधा सैल असला तरी खोलीतली हवा पाइपमध्ये जाते, धूर बाहेर येत नाही. पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा.

बाहेर सोडण्याची सोयच नसेल तर कोळशाचा गाळणीवाला फिल्टर येतो. कण अडवायला एक थर, वास आणि वायू शोषायला सक्रिय कोळसा. प्लाय आणि एमडीएफच्या कामात हा कोळसा पटकन भरतो आणि भरल्यावर काहीच अडवत नाही. त्या बदलीचा खर्च वस्तूच्या किमतीत धरावा लागतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर तुमचा धूर कोणाच्या खिडकीत जातो तेही मशीन घेण्याआधी पाहून घ्या. चार घरं बोलायला आली की धंदा थांबतो.

लेझरखाली काय कधीच ठेवायचं नाही?

पीव्हीसी. त्यात क्लोरिन असतो, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि हवेतल्या ओलाव्यात त्याचं आम्ल होतं. ते घशाला जाळतं आणि मशीनच्या रेल्स, बेअरिंग, स्क्रू गंजवून टाकतं. अडचण ही की पीव्हीसी आपल्या नावाने समोर येत नाही. रेक्झिन म्हणून येतं, स्टिकरचा व्हायनिल म्हणून येतं, कधी चामडं म्हणूनही विकलं जातं. मला एका विक्रेत्याने ‘अस्सल’ म्हणून दिलेले तुकडे मी खात्री न करता चालवले. आंबट, डोळे चुरचुरणारा वास आला तेव्हा थांबवलं, तरी आठवड्याभरात रेलवर तांबूस ठिपके उमटले.

शंका असेल तर तांब्याच्या तारेची चाचणी करा. उघड्या हवेत तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, गरम तार त्या वस्तूला टेकवून चिमूटभर प्लॅस्टिक उचला आणि तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे. ती वस्तू परत करा.

पॉलिकार्बोनेट कापलं जात नाही, पिवळंकाळं होऊन पेटतं. एबीएस प्लॅस्टिक वितळतं आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो. टेफ्लॉन आणि कार्बन फायबरही नको. चामडं वनस्पतीने कमावलेलं घ्या. क्रोमने कमावलेल्याचा धूर घातक असतो. ओळखायला एक खूण उपयोगी पडते: क्रोमच्या चामड्याची कापलेली कड बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसते, वनस्पतीच्या चामड्याची तपकिरी.

आग लागते का?

लागते. अ‍ॅक्रिलिक आणि पुठ्ठा कापताना छोटी ज्योत उठणं नेहमीचं आहे आणि ती वाढायला अर्धं मिनिट पुरतं. मशीन चालू असताना खोली सोडू नका, फोन घ्यायलाही नाही. हाताशी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक ठेवा. पावडरचा आग विझवतो, पण लेन्स आणि रेल्स त्या पावडरीने खराब होतात. बेडखाली साठलेले तुकडे आणि राळ आठवड्याला काढत चला, आग तिथूनच पसरते.

एअर असिस्ट वेगळं घ्यावं का?

हो. कापताना हवेचा झोत ज्योत विझवतो, धूर बाजूला सारतो, लेन्स स्वच्छ ठेवतो. कोरताना झोत अगदी हलका ठेवा.

सीओटू घेतलं तर देखभाल किती?

डायोडपेक्षा बरीच जास्त, आणि घेण्याआधी ती माहीत असावी. घरगुती मशीनमध्ये काचेची नळी असते. ती झिजते, साध्या नळ्या एक ते तीन हजार तास चालतात, मग बदलायच्या. नळी थंड ठेवायला पाणी फिरतं ठेवावं लागतं, तेही डिस्टिल्ड, १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या मध्ये. नळाचं पाणी वीज वाहतं आणि त्यात शेवाळ धरतं. पाण्याचा पंप बंद असताना लेझर चालू झाला तर नळी तडकते, म्हणून पाणी थांबताच लेझर बंद करणारा स्विच असलेलंच मशीन घ्या. उन्हाळ्यात साधी बादली दुपारपर्यंत कोमट होते आणि ताकद उतरते, तेव्हा चिलर लागतो.

आत तीन आरसे आणि एक लेन्स असते. आरसे हलले की बेडच्या एका कोपऱ्यात कापतं आणि दुसऱ्यात नाही. जुळवणी शिकायला एक दुपार जाते, नंतर जमतं.

नळीला १५ ते २० हजार व्होल्ट दिले जातात. घराच्या वायरिंगला खरं अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. प्लगला तिसरी पिन आहे एवढ्याने अर्थिंग आहे असं होत नाही.

वापरलेलं मशीन घ्यावं का?

डायोड घ्यायला हरकत नाही. सीओटू असेल तर नळी किती तास चालली ते विचारा आणि तुमच्यासमोर ३ मिमी अ‍ॅक्रिलिक बेडच्या चारही कोपऱ्यांत कापून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर निघा.

सॉफ्टवेअर कोणतं?

रेखाटनाला इंकस्केप, फुकट आहे. मशीन चालवायला लेझर-जीआरबीएल हे फुकट आणि डायोडला पुरेसं. व्यवसाय करायचा असेल तर लाइटबर्नचे पैसे वसूल होतात; ३० दिवस वापरून बघता येतं. मशीन घेताना ते लाइटबर्नवर चालतं का एवढं विचारा. फक्त मोबाइलच्या अ‍ॅपवर चालणारं मशीन घेऊ नका, कंपनीने अ‍ॅप बंद केलं की मशीनही बंद.

मराठी नावं कोरताना अक्षरं फुटतात किंवा मध्येच रिकामी राहतात. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण परभाषेतल्या माहितीपुस्तिकांत याचं उत्तर सापडत नाही.

दोन वेगळे दोष आहेत. पहिला, जोडाक्षरं फुटणं: ‘श्रद्धा’ लिहावं आणि हलंत दिसावेत. लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की कधीकधी असं होतं. उपाय असा की इंकस्केपमध्ये युनिकोड फाँटने टाइप करा, तिथे जोडाक्षरं नीट जुळतात, मग ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून मजकुराचं रेखाचित्र बनवा आणि तेच पुढे पाठवा.

दुसरा दोष शिरोरेषेचा. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराला आपला शिरोरेषेचा तुकडा असतो आणि शेजारच्या तुकड्यावर तो थोडा चढलेला असतो. पडद्यावर ते कळत नाही. पाथ केल्यावर जिथे दोन आकार एकमेकांवर चढतात तिथे सॉफ्टवेअर ती जागा पोकळ धरतं आणि शिरोरेषेत प्रत्येक अक्षरामागे एक पांढरी चीर राहते. कापत असाल तर आणखी वाईट, लेझर शिरोरेषा आडवीच कापून टाकतो. पाथ केल्यावर सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करा. ही एक पायरी केली की नाव एकसंध होतं.

आणि याच शिरोरेषेचा मोठा फायदा आहे. लाकडातून कापून काढलेलं मराठी नाव आपोआप एकाच तुकड्यात निघतं, अक्षरं शिरोरेषेला लटकलेली राहतात. सुटतो तो अनुस्वार, आणि चंद्रबिंदूचा ठिपका. तो शिरोरेषेला बारीक दांडीने जोडा किंवा मागे पाटी ठेवून वेगळा चिकटवा. ‘ग’, ‘ण’, ‘श’ यांचे सुटे काने शिरोरेषेवरच टांगलेले असतात, म्हणून शिरोरेषा निदान ३ मिमी जाड ठेवा, नाहीतर पार्सलमध्ये तुटतात.

गिऱ्हाईकाने पाठवलेलं नाव स्वतः टाइप करू नका, त्याच्या मेसेजमधून जसंच्या तसं घ्या. ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्याने ठरवायचं. कोरण्याआधी चित्र पाठवून ‘बरोबर आहे’ असं लेखी घ्या.

सेटिंग्ज कुठे मिळतील?

दुसऱ्याच्या सेटिंग्ज तुमच्या मशीनवर तशाच चालत नाहीत. वेग एका बाजूला आणि ताकद दुसऱ्या बाजूला चढती ठेवून चौकटींची जाळी कोरा, तुम्हाला आवडलेली चौकट निवडा. प्रत्येक नव्या मालाची अशी एक पट्टी काढून, तारीख टाकून भिंतीला लावा. प्लायचा नवा गठ्ठा आला तरी पुन्हा काढा, आतला गोंद बदललेला असतो. फोटोसाठी ओळींमधलं अंतर ०.१ मिमी, म्हणजे इंचाला २५४ ओळी, इथून सुरुवात करा.

गिऱ्हाईक स्वतःची वस्तू घेऊन आलं तर?

पहिले काही महिने नम्रपणे नाही म्हणा. आजोबांचं घड्याळ एकदाच बिघडतं, त्याला दुसरा नग नसतो.

किंमत कशी लावू?

मशीन चालल्याची मिनिटं मोजून लावलेली किंमत नेहमी कमी पडते. एक कीचेन कोरायला चार मिनिटं लागतात, पण मेसेज, नाव जुळवणं, नमुना पाठवणं, काजळी पुसणं, पॅकिंग यात पाऊण तास जातो. तो वेळ आधी धरा. मग माल, त्यात दहातला एक नग बिघडणार असं समजून. मग नळी, लेन्स, फिल्टर यांचा वाटा. एकाच नावाच्या पन्नास नगांना सूट द्या, पन्नास वेगळ्या नावांना देऊ नका, कारण तिथे तुमचा वेळ वाचत नाही.

कार्टूनची पात्रं किंवा प्रसिद्ध कंपन्यांचे लोगो विकता येतील का?

परवानगीशिवाय नाही. इतर लोक विकतात म्हणून ते कायदेशीर होत नाही.

मशीन आलं. पहिल्या दिवशी काय करू?

स्क्रू आणि पट्टे घट्ट आहेत का बघा. पाइप आणि पंखा लावा, अगरबत्ती पेटीत धरून धूर खरंच ओढला जातो का पाहा. मग ३ मिमी प्लायच्या टाकाऊ तुकड्यावर फोकस जुळवा: तुकडा तिरपा ठेवून एक सरळ रेघ मारा, रेघ जिथे सगळ्यात बारीक दिसेल तिथलं लेन्सपासून तुकड्यापर्यंतचं अंतर ही तुमची उंची. ती मोजून त्या मापाचा लाकडी ठोकळा कापून ठेवा. पुढची कित्येक वर्षं तोच ठोकळा रोज हातात असेल.